मीटर घरी आला त्याची गोष्ट

“मीटर जमा केल्याशिवाय गेटबाहेर पाऊल टाकू नकोस,” असं आमचे शिफ्ट इनचार्ज काका रोज बजावायचे आणि मी रोज हसण्यावारी न्यायचे. रिफायनरीच्या कंट्रोल रूममध्ये सहा वर्षं पॅनल सांभाळणारी मी, केमिस्ट्रीची पदवीधर! मी विसरणार? छे!

त्या दिवशी सकाळची पाळी संपवून घरात शिरले, तेव्हा विषारी वायूचा इशारा देणारा तो साबणाच्या वडीएवढा मीटर माझ्या कॉलरलाच होता. चपला काढतेय तोच गळ्याखाली ‘बीप!’ झालं, आणि त्याच क्षणी नाकात सडक्या अंड्यांचा वास!

सडकी अंडी म्हणजे हायड्रोजन सल्फाइड! प्लांटमधला नियम एकच, आधी पळा, मीटर मग वाचा.

“आई, चिमणीला घेऊन बाहेर व्हा!”

“अगं, पण तिचा डायपर...” सासूबाई म्हणाल्या.

“डायपर राहू दे! वारा जिकडून येतोय तिकडे चालत राहा. मी सांगेपर्यंत थांबू नका!”

दहा महिन्यांच्या नातीला खांद्यावर टाकून सासूबाई अशा सुटल्या, की त्यांचे दुखरे गुडघे बहुतेक घरातच राहिले!

आणि वास एकदम बंद झाला. तुम्हाला वाटेल, सुटलो! पण हाच तर या वायूचा कावा. फार झाला की आधी नाकच मारतो!

“बाबा, उठा!”

“मला तर कसलाच वास येत नाही,” सासरे पेपरातून म्हणाले.

“तेच तर! तुमचंही नाक गेलं!”

ते पांढरेफटक पडले. बनियनवर शाल, दोन पायांत दोन वेगळ्या चपला! मी तीन मजल्यांची दारं बडवली. अर्ध्या गालाला फेस लावलेले शेजारीसुद्धा खाली आले. मी डोकी मोजली. सगळे होते. आई आणि चिमणी नव्हत्या. कोपऱ्यापर्यंत रस्ता रिकामा!

थांबू नका, असं मीच सांगितलं होतं!

“बाबा, बोट ओलं करून वारा बघा, तो जिकडून येतोय तिकडे चालत जा. सापडेपर्यंत थांबू नका!”

ते निघाले. मी रडत काकांना फोन लावला.

“काका, घरात गॅस! मीटर बीप करतोय!”

“किती वेळानं?”

“मिनिटाला एकदा...”

“अगं बाई, ती बॅटरी संपत आलीय! खरा अलार्म कधी श्वास घ्यायला थांबतो का?”

“मग तो वास?”

“घरात तान्हं मूल आहे ना तुझ्या?”

मी मटकन पायरीवर बसले.

अर्ध्या तासानं सासूबाई परतल्या. चिमणी कडेवर, हसरी, सुगंधी! मी तिला घट्ट कवटाळलं.

“औषधाच्या दुकानात काउंटरवर बदलला डायपर,” सासूबाई सगळ्या शेजाऱ्यांदेखत म्हणाल्या. “पोरीनं शी करण्याआधी आता तुझी परवानगी काढायची का?”

मी मान खाली घातली. ती वर केली तेव्हा लक्षात आलं, की मघाशी समोरून येणारा वारा आता पाठीमागून येतोय. आणि बाबा शब्दाचे पक्के. त्यांचा फोन घरातच वाजतोय.

तर तुमच्या रस्त्यानं बनियनवर शाल घेतलेले, ओलं बोट हवेत धरून चालणारे गृहस्थ जाताना दिसले, तर जरा थांबवून त्यांची विचारपूस करा. पाणी द्या. आणि सांगा, चिमणी सापडली!