डावीकडची थोरली, उजवीकडची धाकटी

गेले दोन महिने माईंच्या शिवणदुकानाचा गल्ला रिकामा होता, आणि धंदा मात्र जोरात चालला होता. गिऱ्हाईक यायचं, भिंतीवरच्या चौकोनाला फोन दाखवायचं आणि कपडे उचलून चालू पडायचं. सुट्ट्यांची कटकट गेली, फाटक्या नोटा गळ्यात पडणं गेलं, हे माईंनाही कबूल होतं. त्यांची अडचण निराळीच होती. फोनमधला पैसा कुणाच्या मुठीत गुपचूप दाबता येत नाही.

आणि मुठीत दाबल्याशिवाय माईंचं घर चालत नव्हतं. दर शनिवारी त्या थोरल्या सुनेला कापडाच्या ताग्यांआड बोलवायच्या, पाचशेची नोट तिच्या हातात कोंबायच्या आणि कुजबुजायच्या, "फक्त तुला हं. धाकटीला पत्ता लागू देऊ नकोस. या घरात कामाचं माणूस म्हणजे तू." तासाभराने त्याच जागी धाकटी. तिलाही नोट, तिलाही तेच. आठ वर्षं दोघी एका छपराखाली न भांडता नांदल्या त्या आपल्या या हुशारीमुळे, याबद्दल माईंना तिळमात्र शंका नव्हती.

या शनिवारी साठवलेल्या नोटाही संपल्या होत्या, आणि दोघींना खूश ठेवणं तर फारच गरजेचं होतं. सोमवारी सकाळी शाळेला चाळीस गणवेश द्यायचे होते आणि अजून बावीस कॉलर लागायच्या होत्या. एकीनेही तोंड फुगवून मशीन सोडलं असतं, तर शाळेचं काम कायमचं हातचं गेलं असतं.

माईंनी फोन घेतला. लिहिणं जेमतेम, बोलणं भरपूर. "ज्याला द्यायचेत त्याचा चेहरा दाब, आकडा दाब, आणि काय सांगायचं ते बोल," एवढं थोरल्या मुलाने शिकवलं होतं. एका फोटोत दोघी सुना खांद्याला खांदा लावून हसत होत्या. अगदीच सोय झाली! माईंनी डावीकडच्या थोरलीवर बोट ठेवलं, पाचशे धाडले आणि फोनला तोंड लावून म्हणाल्या, "फक्त तुला हं. धाकटी नुसती मिरवायला. कामाचं माणूस म्हणजे तू." मग उजवीकडच्या धाकटीवर बोट, पुन्हा पाचशे. "फक्त तुला हं. थोरलीची शिवण बघवत नाही, मीच मागाहून उसवून नीट करते. कामाचं माणूस म्हणजे तू."

तो फोटो ना थोरलीचा होता, ना धाकटीचा. तो 'घर आणि दुकान' नावाच्या गटाचा होता. गटात दोघी सुना, दोघे मुलगे, माईंचे यजमान आणि बटणं पुरवणारा व्यापारी. फोनने दोन्ही वेळचे पाचशे गटातल्या सहाही जणांत इमानदारीने वाटून टाकले आणि माईंचा आवाज सगळ्यांना ऐकवला.

आधी यजमान जिना उतरून आले. "अगं, कामाचं माणूस म्हणजे मी? एक्केचाळीस वर्षांत पहिल्यांदा म्हणालीस!"

"तुम्हाला कोण म्हणतंय?"

"हे बघ की. त्र्याऐंशी आणि वर चिल्लर, तेही दोनदा. पण धाकटी मिरवते म्हणजे काय?"

तेवढ्यात बटणवाल्याचा फोन. "माई, तुम्ही मला घरचा मानलंत, भरून आलं हो! आणि काळजी नको, वहिनींच्या शिवणीबद्दल मी बाजारात चकार शब्द काढणार नाही."

आतल्या खोलीतली दोन्ही मशीनं एकदम थांबली.

माई गळ्यातली टेप सावरत आत धावल्या. दोघी सुना एकाच फोनवर माना खाली घालून बसल्या होत्या. खांदे हलत होते.

"रडू नका गं बायांनो," माई म्हणाल्या. "हा फोन खोटं बोलतो. मी असलं काही बोललेच नाही."

दोघींनी माना वर केल्या. हसून हसून डोळ्यांत पाणी आलं होतं.

"माई, आम्हाला पहिल्या शनिवारपासून माहीत आहे," थोरली म्हणाली. "मी हिला नोट दाखवली, हिने मला."

"मग आठ वर्षं मूग गिळून बसलात?"

"तुम्ही इतकं मन लावून खोटं बोलायचात, मोडता घालवेना."

"आणि दोघींचे मिळून हजार व्हायचे," धाकटी म्हणाली. "दोरा आणायला म्हणून जायचो ना, तेव्हा सिनेमा बघायचो. आइस्क्रीम खायचो. या वेळी मात्र बटणवाल्याने आमचं आइस्क्रीम खाल्लं."

माई स्टुलावर बसल्या आणि गळ्यातली टेप बोटाला गुंडाळू लागल्या.

"आठ वर्षं," माई म्हणाल्या, "आणि मला एकदाही 'येता का' म्हणून विचारावंसं वाटलं नाही?"

"तुमचे दात, माई... थंड सोसत नाही ना तुम्हाला."

"दात माझे आहेत, मी बघून घेईन." माईंनी चष्मा चढवला आणि तिसऱ्या मशीनवरचं फडकं ओढून काढलं. "दहा कॉलर इकडे द्या. आणि उद्याचा सिनेमा कितीला लागतो?"