जाधवकाकांचं जनमत

आमचे शेजारी जाधवकाका कुणाला ‘काय, कसं काय?’ असं विचारत नसत. माणूस दिसला की थेट प्रश्न, ‘‘उद्या सीमेवर बंदूक कुणाच्या हातात द्यायची? जवानाच्या, की स्वतःचं डोकं चालवणाऱ्या कॉम्प्युटरच्या?’’

नव्वदीची सुरुवात होती. परदेशात असली यंत्रं बनताहेत, असं त्यांनी पेपरात वाचलं होतं. भिवंडीत तेव्हा कॉम्प्युटर पाहिलेला माणूस विरळाच. काका नगरपालिकेत कारकून. त्यांनीही पाहिला नव्हता. पण जनमत अजमावायला त्यावाचून काही अडत नाही, असं त्यांचं म्हणणं.

पद्धत मात्र कडक. एकाच माणसाला चहाआधी विचारायचं आणि चहानंतर पुन्हा. ‘‘रिकाम्या पोटी माणूस जहाल असतो,’’ म्हणायचे. पॉवरलूमवर काम करणाऱ्या अन्सारीभाईंनी उलट त्यांनाच विचारलं, ‘‘साहब, लाइट गयी तो?’’ खारबावहून भाजी घेऊन येणाऱ्या मावशी म्हणाल्या, ‘‘दुश्मन कोन, त्ये मानसालाच कलत न्हाय, मशीनला काय कलनार?’’ एका बारशाला तर बाळाचं नाव ठेवायच्या आधीच काकांनी पाहुण्यांना हात वर करायला लावले. तेवढ्यात बाळ रडलं. ‘‘तटस्थ,’’ काका म्हणाले.

हा खटाटोप कशासाठी, ते मला उशिरा कळलं. सुनंदा ही त्यांची एकुलती एक मुलगी. आई गेल्यापासून काकांनीच तिला वाढवलेलं. तिला जवळच्याच कोन गावातल्या प्रदीपचं स्थळ आलं होतं. मुलगा गुणी, पण लष्करात जवान. ‘लवकरच कळवतो’ म्हणत काका दिवस ढकलत होते.

‘‘लोक यंत्राच्या बाजूनं झाले,’’ एकदा ते मला हळूच म्हणाले, ‘‘तर सरकार पोरांना घरी पाठवेल ना रे?’’

मला हसू आलं नाही. ‘‘काका, सुनंदाला विचारलंत?’’

ते तसेच उठून घरात गेले. थोड्या वेळानं भिंतीपलीकडून तिचा आवाज आला, ‘‘मला तो आवडलाय, बाबा. चहाआधी पण आणि चहानंतर पण.’’

लग्न उन्हाळ्यात झालं. प्रदीपची रजा संपत आली, तेव्हा काका मला बाजारात घेऊन गेले आणि भर मे महिन्यात त्यांनी लोकरीचा स्वेटर मागितला. दुकानदार हसत हसत माळ्यावर चढला. मापासाठी काकांनी तो मलाच घालायला लावला. मी घामानं निथळत होतो.

‘‘हात लांब कर जरा. तो तुझ्यापेक्षा उंच आहे.’’

मी केला. काकांनी बाही ओढून पार बोटांपर्यंत आणली, आणि बाहीसकट माझा हात धरून तसेच उभे राहिले.