हेगिष्टे दौलतीचे शेवटचे गिऱ्हाईक

श्रीगजानन साक्ष, ग्रामदेवी साक्ष, आणि दुकानाच्या चौकटीस टांगलेली लिंबू-मिरची तीही साक्ष. शके एकोणीसशे नऊ, प्रभव नाम संवत्सरे, आषाढमासी, ऐन दोन प्रहरी पेठेच्या वळणावरील किराणा राज्याचे धनी पुरुषोत्तमशेट हेगिष्टे हे गादीवर बसल्या बसल्या कैलासवासी जाहले, आणि त्यामागे जे विपरीत वर्तले, त्याची ही हकीकत.

राज्य म्हणावे तर केवढे? पूर्वेस पिठाची गिरणी, दक्षिणेस गटार, पश्चिमेस दाभोळकरांचा ओटा, जेथे उभय राज्यांची कुत्री सलोख्याने निजत, आणि उत्तरेस मधले दार, ज्याआड धन्यांच्या कुटुंब द्वारकाबाई यांचा मुदपाकखाना. हत्ती म्हणजे तांदळाची पोती, तोफखाना म्हणजे रॉकेलचे पिंप. धनी मोठे प्रजावत्सल. हातभर पोर आले तरी 'काय देऊ?' ऐसे अदबीने पुसत, आणि पुडी बांधून होताच 'आणखी?' म्हणत, आणि गिऱ्हाईक 'बास, एवढंच' म्हणेतोवर त्याजवरची नजर काढीत नसत. मग त्याच्या तळहातावर गुळाचा खडा ठेवीत आणि पुढल्याकडे वळत, आणि एकदा वळले म्हणजे वळले. रोज दोन प्रहरी द्वारकाबाई मधल्या दारातून 'पान वाढलंय' म्हणत, आणि धनी 'हे एवढं गिऱ्हाईक झालं की आलो' म्हणत, आणि अन्न निवून जाई, आणि बाई उपाशी वाट पाहत बसत, आणि ऐसी सारी हयात गेली.

ते दिवशी गुरवांची कुसुमताई साबुदाणा घेत होती. धन्यांनी पुडीस दोरा गुंडाळिला, दातांनी तोडिला, 'आणखी?' म्हणाले, आणि कुसुमताई वऱ्याचे तांदूळ घ्यावे की न घ्यावे या विचारात असता त्यांची मान खाली गेली. कुसुमताईस वाटले, डुलकी लागली. ती भिडेने तशीच उभी राहिली, आणि लोक जमले, आणि रडारड जाहली, आणि 'बास' म्हणावयाचे राहून गेले.

मग दहाव्यास पिंडाला कावळा शिवेना. पुत्र मोरेश्वर 'दुकान चालवीन' म्हणाला, 'आईला सांभाळीन' म्हणाला, 'रॉकेलात पाणी घालणार नाही' हेही म्हणाला, जे आजवर कोणी घातलेच नव्हते. तेव्हां कावळा पुढे सरकला, तोच पिंडाकडून कैलासवासी यांच्या आवाजात 'आणखी?' ऐसे आले, आणि कावळा जो उडाला तो त्या मुलुखात पुन्हा दृष्टीस पडिला नाही.

तेरावे उरकून मोरेश्वर गादीवर बसो गेला, तो गादी ऊन आणि आधीच दबलेली. तो उठिला आणि शेजारी स्टूल ठेवून कारभार पाहू लागला. परंतु गिऱ्हाईक येताच गादीवरून 'आणखी?' येई. भिकाजी मास्तर म्हणून भिडस्त गृहस्थ होते, ते काडेपेटीस म्हणून गेले आणि सायंकाळी हातगाडीसह घरी दाखल जाहले, बरोबर पोहे, केरसुण्या आणि लोखंडी खलबत्ता.

"खलबत्ता कशाला?" कुटुंबाने पुसले.

"शेटनी विचारलं. मेलेल्या माणसाला नाही कसं म्हणू?"

द्वारकाबाई मधल्या दाराआड हे सर्व ऐकत. त्यांस भय वाटत नव्हते, राग येत होता. मेल्यावरही गिऱ्हाईकच.

मग पेठेने मसलत केली की, ज्याने त्याने जाऊन आपले 'बास' म्हणून यावे. कुसुमताई अग्रभागी, मागे गिरणीवाला, मास्तर खलबत्त्यासह, आणि दाभोळकर, ज्यांनी द्वेषाने या दुकानी कधी पाऊल ठेविले नव्हते तेही काही न घेता 'बास' म्हणाले. ज्याने म्हटले त्याच्या तळहातावर थंडगार गुळाचा खडा आपोआप येई, त्यावर बोटाचा ठसा असे, आणि त्या माणसास तो आवाज पुन्हा ऐकू येत नसे. लोक सुटले म्हणून आनंदाने पायऱ्या उतरत, आणि वळणापर्यंत जाऊन रडत. ओट्यावरील कुत्र्यांसही गूळ मिळाला.

सर्व राज्याचे झाले, तरी रिकाम्या दुकानी 'आणखी?' येतच राहिले. ते आता मायलेकांसच ऐकू येई, आणि मोरेश्वरास तर उगाच, कारण त्याने तीनदा 'बास' म्हणूनही त्यास गूळ मिळाला नव्हता. घरच्या माणसास ऐन धंद्यात कोण गिऱ्हाईक समजतो? आणि प्रजा तर ओशाळून बाजारातल्या दुसऱ्या दुकानी जाऊ लागली.

"आई, पुढच्या बाजूनं कधी तू गेलीच नाहीस. एकदा जा आणि म्हण."

"मी बास म्हटलं की वळतील रे ते. आणि वळायला पुढं कोण आहे?"

तरी लेकाच्या तोंडाकडे पाहून बाई निघाल्या. मधल्या दाराने न जाता घरास वळसा घालून, पदर सारखा करून, लग्नानंतर प्रथमच त्या आपल्या दुकानाच्या पुढल्या पायरीवर उभ्या राहिल्या. गादीचा खळगा अंमळ हलला.

"काय देऊ?"

 घरी काय लागते ते धनी आपल्या विचारे पाठवीत. चहास सुंठ पाठवीत, कारण ती प्रकृतीस मानवते. बाईंस वेलची आवडे, हे कोणी पुसले नव्हते.

"वेलची," त्या म्हणाल्या.

डब्याचे झाकण निघाले, कागद वळला, दोरा आपोआप गुंडाळला गेला आणि दातांनी तोडावा तैसा तुटला. "आणखी?"

"वासाचा साबण." "आणखी?" "तांदूळ. लोकांना देता तो, घरी पाठवता ती कणी नको."

यावर तराजूचे पारडे अंमळ अडखळले, मग तांदूळ पडू लागला.

मग बाईंनी रोज जावे आणि मागत राहावे ऐसा परिपाठ पडिला. 'बास' म्हणून त्या म्हणत नसत, 'उद्या येते' म्हणून परतत. दुपारपर्यंत सगळी दौलत मुदपाकखान्यात दाखल होई, आणि सायंकाळी मोरेश्वर ती पाठीवर वाहून पुन्हा दुकानी मांडी, आणि राज्य ऐसे रोज दाराच्या अलीकडे-पलीकडे स्वाऱ्या करू लागले.

"आई, म्हण की आता. माझी कंबर गेली."

"तू मध्ये बोलू नको. मी गिऱ्हाईक आहे."

भाद्रपद लागला तेव्हां मोरेश्वर हात जोडून म्हणाला, "दाभोळकर जागा मागतायत. खतं ठेवणार म्हणतात. उद्या किल्ली देतो मी." तो रागाने बोलता तर बाईंनी ऐकिले नसते, परंतु तो थकून बोलिला.

ते दिवशी बाईंनी सकाळीच स्वयंपाक उरकून निखाऱ्यावर ठेविला आणि पायरीवर आल्या आणि मागत गेल्या. फळ्या रिकाम्या जाहल्या, पोती सपाट जाहली, शेवटी लिंबू-मिरचीही मागून घेतली. भर दुपार, पेठेत चिटपाखरू नाही, आणि रिकाम्या दुकानातून आवाज आला, पूर्वीसारखाच अदबीचा. "आणखी?"

बाईंनी 'बास' म्हणावयास तोंड उघडिले. तोच आतून कुळथाच्या पिठल्याचा वास आला.

"अहो," त्या म्हणाल्या, "मागं कोणी उभं नाही. शेवटचं गिऱ्हाईक मीच, आणि मला भूक लागलीय. जेवायला चला."

 मग गादीचा खळगा हळूहळू भरून आला, दुकानाची उचलती फळी वर गेली, आणि मधले दार, जे नेहमी कुरकुरत असे, आवाज न करता उघडिले. बाई वळसा घालून धावतच घरात आल्या, तो पाट मागे सरकलेला. त्यांनी वाढिले. पानावरचा भात कमी होत गेला, आणि खाणारा दिसत नव्हता, आणि पिठल्याची वाटी पुसून घेतल्यासारखी जाहली. मोरेश्वर चौकटीस धरून उभा होता.

बाईंनी भाताचा डाव उचलिला आणि जन्मात प्रथमच तो शब्द उच्चारिला.

"आणखी?"

पानावरून उत्तर आले. "बास. एवढंच."

बाईंनी रिवाजाप्रमाणे गुळाचा खडा पानाच्या कडेस ठेविला, आणि डोळे पुसून पाहतात तो खडा नाही. मग आपले पान वाढून घेतले. अन्न ऊन होते.

पुढे दाभोळकरांस किल्ली दिलीच नाही, मोरेश्वर गादीवर बसू लागला, ती आता थंड लागते, आणि प्रजा परतली. त्या घरी चहास वेलची असते. जेवताना पुन्हा वाढावयाचे झाले तर डाव नुसता पुढे करितात, शब्द कोणी काढीत नाही. धन्यांस नावे ठेवणारा पेठेत अद्याप आढळला नाही. जैसे वर्तले तैसे लिहिले. बास, एवढंच.