अंगठा काढू नकोस, जुबेदा!

विश्रांतवाडीत आता बिघडलेलं काही उरलेलंच नाही, सगळं आपण दुरुस्त करून संपवलं, असं जुबेदाचं स्पष्ट मत होतं! शेजारणीचा मिक्सर झाला, शाळेची घंटा झाली, आणि गेल्या महिन्यात तर तिनं मन्सूरचाचूंचं जुनं व्हिडिओ गेमचं मशीन जिवंत केलं. कपाटाएवढं खोकं, पुढे काच, एक दांडी, दोन बटणं. चाचूंचं गेम पार्लर कधीच बंद पडलं, पण हे एक मशीन त्यांनी जपलं होतं, लोक मुरलेलं लोणचं जपतात तसं!

आणि काल संध्याकाळी चाचूंनी त्यावर पराक्रम केला. पार्लरच्या जुन्या दोस्ताचा, धायरीच्या संपतकाकांचा स्कोर मोडला! ज्या स्कोरवरून काका त्यांना दर ईदला, प्रत्येक लग्नात आणि एकदा तर मयतीतसुद्धा चिडवत आले होते, तोच!

चाचूंनी लगेच फोटो पाठवला. काकांचा फोन आला, "फोटोत माझं पोट बी सपाट दिसतं. डोळ्यानं बघीन तवाच मानीन!"

आता अडचण एकच. या मशीनला स्मरणशक्ती अशी नाहीच. बंद केलं की स्कोर पुसला! म्हणून मशीन कालपासून चालूच होतं आणि चाचू त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसले होते, आयसीयूबाहेर नातेवाईक बसतात तसे.

काका धायरीहून निघाल्याचा निरोप आला आणि नेमके पडद्यावरचे आकडे विरघळले. उरले नुसते ठिपके आणि तुकडे. कुणी कोथिंबीर चिरून उधळावी तसे!

"या अल्ला!" चाचूंचा हात छातीवर गेला.

"घाबरू नका, चाचू," जुबेदा ऐटीत म्हणाली. "स्कोर आत शाबूत आहे. फक्त चित्राची चिप सॉकेटमध्ये नीट टेकत नाहीये. पाय काळे पडले असणार तिचे. मशीन बंद करायचं, चिप काढायची, पाय घासायचे, परत दाबून बसवायची. संपलं!"

"बंद करायचं?" चाचूंचा आवाज चिरकला.

जुबेदानं जीभ चावली. मग ती मुकाट्यानं मशीनच्या मागे गेली.

"ट्यूबला हात लावू नकोस हं! मेन वायरपासून लांब!"

"माहितीये हो!" तिनं मागचं दार उघडलं, चिपवर खोडरबर ठेवला आणि अंगठ्यानं हलकेच दाबलं. आकडे आले! अंगठा काढला. कोथिंबीर. दाबला. आकडे!

"वा! मग आता?"

"आता मी इथेच," आमच्या थोर इंजिनियरबाई बारीक आवाजात म्हणाल्या.

"आवाज करू नकोस मग. संपतला कळलं तर जन्मभर म्हणेल, मन्सूरचा स्कोर सलाइनवर होता!"

तेवढ्यात काका आलेच. "कुठाय रं तुझा चमत्कार?"

स्कोरची पाटी पडद्यावर यायची, जायची, मध्ये खेळाचा नमुना चालायचा. पाटी आली. काकांनी चष्मा शोधला. चष्मा सापडेपर्यंत पाटी गेली! मागे जुबेदाच्या अंगठ्याला मुंग्या. पाटी पुन्हा आली आणि खोक्यातली जुनी धूळ जुबेदाच्या नाकात गेली. तिनं शिंक गिळली, पण अंगठा हललाच. कोथिंबीर!

"हात्तिच्या!" काकांनी पंजा उगारला. पार्लरमध्ये कुठल्याही आजारावर एकच औषध असायचं, मशीनच्या कुशीत सणसणीत थाप, आणि काकांची थाप तर नावाजलेली! "एक ठिवून देतो, लगेच शहाणं हुईल!"

"मारू नकोस!" चाचू त्यांच्या दंडाला लोंबकळले.

"आरं, सोड की!"

"नाही सोडणार!"

गोंधळ ऐकून सकीनाचाची स्वयंपाकघरातून धावत आल्या. "या वयात मारामारी? त्या डबड्यापायी? थांबा, बंदच करते!" आणि त्यांचा हात भिंतीवरच्या स्विचवर गेला.

"चाची, नको!" मशीन किंचाळलं.

चाचींचा हात जागीच थिजला. काका वाकून मशीनच्या मागे डोकावले.

"आस्सं! आत पोरगी बसवून आकडे लावतोस व्हय, मन्सूर?"

चाचूंचा चेहरा पांढराफटक पडला. आयुष्यातला एकुलता एक पराक्रम, आणि तो लबाडी ठरणार!  जुबेदानं अंगठा मात्र हलवला नाही.

"संपतकाका," ती आतूनच म्हणाली, "आकडे लावता येत असते, तर चाचूंना तुमच्यापेक्षा फक्त चाळीस जास्त दिले असते का? चांगले लाखभर नसते वाढवले?"

काका पुढे आले. पाटी परतली होती. त्यांनी बोट लावून आकडा वाचला, पुन्हा वाचला.

"चाळीस?"

"चाळीसच," चाचू पुटपुटले.

"मग खरं हाय. खोटं बोलणारा एवढा कंजूष नसतो!" आणि काकांनी चाचूंना कडकडून मिठी मारली. "मानलं, गड्या!"

चाचू चक्क रडले. जुबेदाचेही डोळे भरले, पण ते अंगठ्यामुळे. "काढू आता?"

"थांब, पोरी!" काकांनी फोन बाहेर काढला. "पार्लरच्या समद्या टोळीला बोलावतो. माझ्या एकट्यावर कोण इश्वास ठेवणार? संध्याकाळपत्तुर येतील."

"संध्याकाळ? चाचू, उद्या माझा गणिताचा पेपर आहे!"

चाचूंनी डोळे पुसले. "बेटा, पेपर परत देता येतो."

सकीनाचाची जुबेदाच्या दप्तराकडे गेल्या. त्यांनी गणिताचं पुस्तक आणून जुबेदाच्या मांडीवर उघडून ठेवलं. पानं उलटायला एक हात मोकळा होताच!