पडल्या पानांच्या हत्तीची हकीकत

शके एकोणीसशें वीस, बहुधान्य नाम संवत्सरे, वैशाख मासीं शाळांस कुलपें पडून मुलखांत सुट्टीचा अंमल बसला, ते समयीं जुन्नर कसब्यांत जें वर्तमान जाहलें तें चित्त देऊन ऐकावें. हसूं आल्यास पदरानें झांकावें.

कसब्यांत निसर्ग-शिबिर भरलें आणि शिबिराच्या बाईंनीं फर्मान काढिलें कीं, झाडांचीं पानें डकवून एकेक जनावर सिद्ध करावें, आणि जें सरस ठरेल तें काचेच्या चौकटींत, करणाराचे नांवानिशीं, शाळेच्या दारासमोरील भिंतीस वर्षभर राहील. तेव्हां बाजारपेठेंतील कापडवाले मांगीलालशेठ यांची नात, अखंडित-उत्साह-अलंकृत सिद्धीबाईसाहेब, आठवी पास होऊन नववींत दाखल, यांचे मनीं आलें कीं हत्ती करावा आणि ती भिंत काबीज करावी. कारण आजवर त्या भिंतीखालून मान खालीं घालून जाणें हाच त्यांचा दस्तूर. वर्गांत निम्म्यांस नांवही ठाऊक नव्हतें. यंदा मात्र अंगीं भलतीच हिंमत संचारली होती.

परंतु घरांत दादीसाहेब प्यारीबाई यांचा हुकूम जुना आणि कडक: झाडावरील पान खुडूं नये, जीव दुखावतो, आपसूक पडलें तेवढेंच आपलें. इकडे सिद्धीबाईंच्याच वर्गांतील गनीम, सरदार स्वराजराव यांनीं आंब्याचीं हिरवीगार पानें पोतेंभर तोडून मोर मांडिला, आणि वाटेंत सायकल आडवी घालून वदले, "काय शेठाणीबाई, पानं पडायची वाट बघताय व्हय? हत्तीला सोंड यायला दिवाळी उजाडंल राव."

बाईसाहेबांस राग लई आला. तो गिळून धाकटी बहीण टीनाबाई हिजशीं मसलत केली, आणि मग दोघी एकाच सायकलीवर स्वार होऊन, टीनाबाई कॅरियरवर रिकामें पोतें कवटाळून, पहांटेसच लेण्याद्रीकडे कूच करत्या जाहल्या, कीं तेथें पायथ्याशीं मोठालीं झाडें आणि पानांचा खच.

पोहोंचून पाहतात तों सारजाबाई नामें झाडणारीण ढीग रचून, काडेपेटी काढून, आग लावावयाच्या बेतांत. सिद्धीबाईंनीं दुरूनच हाक दिली. मग सायकल तशीच टाकून, ढिगापुढें आडवें होऊन अर्ज केला कीं, पानें आम्हांस बक्षीस द्यावीं.

"आन् ऱ्हायल्यालं पटांगण कोन झाडनार? तुजा आज्जा?"

मग तह ठरला कीं, पटांगण बाईसाहेबांनीं झाडावें आणि ढीग न्यावा. खराटा हातीं धरण्याचा हा पहिलाच प्रसंग. आणि घरचें वळण ऐसें कीं मुंगी चिरडूं नये. सबब दर फटकाऱ्याआधीं वांकून पाहणें, रांग दिसतां वाट सोडणें, आणि मग हलकेंच खराटा फिरविणें. सारजाबाई कपाळास हात लावून म्हणाली, "आगं, झाडतीस का रांगुळी काढतीस? मुंगीला बी इचारून घे, झाडू का म्हनून." टीनाबाईंनीं खरेंच विचारिलें. ऊन डोक्यावर आलें, तळहातांस फोड आले, परंतु पटांगण सर जाहलें आणि वाळलीं पानें पोतेंभर हातीं लागलीं.

तीं दुकानांत कापडाच्या ताग्यांखालीं दाबून सपाट केलीं. साग पोटास, वड कानांस, सोंडेस लालसर बदाम, ऐसा हत्ती उभा केला.

शिबिराच्या प्रदर्शनाचे दिवशीं पत्र्याच्या छपराखालीं झळ ऐसी कीं मोराचीं हिरवीं पानें वळून सुरळ्या जाहल्या, पिसारा मिटला, मान गळाली, आणि मोराचें वटवाघूळ जाहलें. हत्ती मुळांतच वाळलेला; त्यास ऊन काय करणार? बाईंनीं निवाडा दिला, हत्ती चौकटींत बसला, आणि खालीं ठळक अक्षरीं नांव लागलें.

मग स्वराजराव बाजूस येऊन हळूच पुसते जाहले, "सिद्धी, ती पानं कुठं घावली गं? मोर असा घरी न्यायचा म्हंजे..."

बाईसाहेबांनीं क्षमा केली, परंतु कलम घातलें. त्याप्रमाणें दुसरे दिवशीं पहांटे सरदार खराट्यासह लेण्याद्रीचे पायथ्याशीं चाकरीस रुजू जाहले, आणि बाईसाहेब सायकलीस टेकून, "त्या कोपऱ्यात राहिलंय बघा, राव" ऐसा हुकूम फर्मावित्या जाहल्या. येणेंप्रमाणें भिंत सर, गनीम कामास. फत्ते दाखल केली असे.