गंज लागू नये म्हणून

धाकट्या जावयाने एखादं काम मनावर घेतलं की ते पूर्ण व्हायचंच, आणि बहुतेक वेळा जरा जास्तच पूर्ण व्हायचं. सासऱ्यांनी त्याला शब्द दिला होता, आठवडाभर जीप नीट सांभाळलीत तर रविवारी चावी तुमची. नाहीतर ती थोरल्या जावयाकडे जाणार, हे कुणी न सांगताही घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

जीप ओढे आणि चिखल तुडवून आलेली, तिच्या लोखंडी चाकांना बोट लावलं तरी बोट लाल व्हायचं. पठ्ठ्याने स्टेपनीसकट पाचही चाकं उतरवली, घासली, प्रायमर मारला, वर काळ्या रंगाचे दोन हात दिले. बायको म्हणाली, आता पुरे. पण चाकांच्या मागे बघतो तर काय, ब्रेकच्या चकत्यांवरही तांबूस झाक! धुतल्यावर ती येतेच आणि चार वेळा ब्रेक दाबला की जातेही, पण याला कोण सांगणार? याने मोठ्या मायेने चारही चकत्यांना तेल चोळलं.

रविवारी सासरे आले. चाकं बघून इतके खूश झाले की एक फेरी मारू म्हणत स्वतःच चालवायला बसले. शेजारी जावई, छाती फुगवून.

फाटकापाशी त्यांनी ब्रेक दाबला. जीप थांबली खरी, पण बराच विचार करून. जावयाला चकत्यांचं तेल आठवलं. पुढे उतार होता आणि उताराच्या पायथ्याशी वाहता हमरस्ता. सांगावं तर चावी जाते, न सांगावं तर आपण दोघेही जातो.

"बाबा, आपण चालत गेलो तर?"

सासरे हसले आणि जीप उताराला लागली. त्यांनी ब्रेक दाबला, पुन्हा दाबला, मग सीटवरून उठून दाबला. जीप आपली पळतेच आहे.

"बाबा, ब्रेकला तेल लावलंय!"

"कशाला?"

"गंज लागू नये म्हणून!"

सासऱ्यांनी स्टिअरिंग गर्रकन फिरवलं आणि जीप एका बांधकामाच्या वाळूच्या ढिगात बॉनेटपर्यंत घुसली. दोघेही धडधाकट होते. सासऱ्यांनी मिशीतली वाळू झटकली. जावयाला बोलायचं नाही ही त्यांची रीत, आणि त्या दिवशी याला तीच जास्त लागली. चाकं मात्र छान झालीत, एवढंच ते म्हणाले.

चावी थोरल्याकडे गेली. धाकट्याच्या घरी स्टेपनी आली, एवढी मेहनत घेतलीत तर आठवण असू द्या, असा सासऱ्यांचा निरोप घेऊन. ती आता गॅलरीत आडवी असते. बायकोने तिच्यावर गुलाबाची कुंडी ठेवली आहे आणि रोज न चुकता पाणी घालते. परवा त्याने कुंडी उचलून पाहिलं, तर खाली हा एवढा गंज.