बसतंय, घाय नको

आमच्या विभागात शिंक आली तरी पाटीलकाकांकडे बघून द्यावी लागते. भट्टी चालू असली की ते ओठांवर बोट ठेवून उभे, आणि आम्ही चोरासारखं पाऊल न वाजवता फिरायचं.

तळोज्याच्या आमच्या छोट्या कारखान्यात बोरॉनचे स्फटिक तयार होतात. काचेच्या नळीत तापून लालबुंद झालेली तार, तिच्याभोवती बोरॉन क्लोराईडची वाफ आणि हायड्रोजन. वाफेतला बोरॉन तारेवर कणाकणाने बसतो, काळा आणि चकचकीत. घाईने वाफ जास्त सोडली तर स्फटिकाऐवजी हाती येते नुसती तपकिरी भुकटी. पण बोलण्याने त्या तारेचं काही बिघडत नाही, हे मी काकांना सांगून सांगून थकले. शेवटी मीही कुजबुजायला लागले.

"बसतंय गं बाय, घाय नको," हे त्यांचं सगळ्यावरचं औषध. साहेबांनी माल मागितला, बसतंय. माझं लग्न जमेना, तेही बसंल.

डब्याच्या वेळी दुसरा जाच. काकी आजारी पडल्यापासून स्वयंपाक काकाच करत. प्रत्येकाला चमचाभर कालवण वाढून विचारत, "मीठ कसं हाय?" कालवण थेट मिठागरातून उचलून आणल्यासारखं. आम्ही सगळे "मस्त" म्हणायचो. पाळीभर भट्टीपुढे शिजल्यावर खरं बोलायचं त्राण कुणाला असतं?

पाळी संपली की मात्र काका क्षणभर थांबत नसत. परवा मोठी मागणी आली आणि त्यांना जादा कामाला बोलवायला साहेबांनी मला रविवारी त्यांच्या गावी, नेऱ्याला पिटाळलं. सुट्टी गेली, पाठ आधीच मोडलेली. मी चिडूनच गेले.

ओटीवर काकी खुर्चीत होत्या. समोर काका, हातात चमचा. मला बघताच ओठांवर बोट.

"लकव्याचा झटका आला तवापासून हिच्या तोंडी शब्द नाय," ते कुजबुजले. "पोरगा घाय करायचा, बोल बोल करायचा. ती रडायची. निस्ती भुकटी."

मग काकींकडे वळून म्हणाले, "मीठ कसं हाय?"

मी उंबऱ्याशीच थांबले. अंगणात कोंबडी ओरडली, तर काकांनी तिच्यावरही डोळे वटारले. काकींचे ओठ हलले, मान आखडली, घशात काहीतरी घरघरलं.

"खा... रट."

काका जागचे हलले नाहीत. चमच्यातलं कालवण लुंगीवर सांडलं. ते हसत होते आणि गालांवरून पाणी वाहत होतं. मग ते माझ्याकडे वळले.

"खरं सांग बाय. खारट हाय?"

"हो काका," साहेबांचा निरोप गिळून मी म्हणाले, "पहिल्या दिवसापासून."

"बग," ते काकींचा हात धरून म्हणाले, "तू गप ऱ्हायलीस, तर मला कोन सांगनार?"